काट्याचं वजन पडद्यावर येईना : पॅकिंग सर्व्हरच्या नोंदी

जागा : टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर.
यंत्र : उबुंटू २२.०४ (लिनक्स), डॉकर कंपोझ (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं), पोस्टग्रेस १४ (डेटाबेस).

२९ एप्रिल २०२४, सोमवार

पॅकिंगमधला जुना विंडोज संगणक काढून तिथे छोटा सर्व्हर बसवलाय. वजनाचं अॅप, लेबल छापणारा भाग आणि रात्रीचे रिपोर्ट हे तीन कंटेनर कंपोझवर चालतात. दोन गोष्टी मुद्दाम कंटेनरबाहेर, थेट होस्टवर म्हणजे मूळ यंत्रावर ठेवल्यात. पहिली पोस्टग्रेस, कारण हिशेब खात्याचा प्रोग्रॅम त्याच डेटाबेसवर आहे आणि तो हलवायची ही वेळ नाही. दुसरी काट्याची सेवा. काटा सिरियल केबलने जोडलेला आहे, त्याचा आकडा वाचून ८६०० पोर्टवर (सेवेच्या क्रमांकाच्या दारावर) देणारा लहानसा प्रोग्रॅम काट्याबरोबर तयार आलाय.

सकाळच्या पाळीला अॅप उघडलं, वजनाची चौकट रिकामी. लॉगमध्ये एकाखाली एक त्याच ओळी : ८६०० ला कनेक्शन रिफ्यूज्ड, ५४३२ ला (पोस्टग्रेसच्या पोर्टला) कनेक्शन रिफ्यूज्ड. पॅकिंगचे सुपरवायझर अण्णा काट्यावर टॉवेलचं डझन ठेवून उभे. म्हणाले, "काट्यावर पाच किलो दोनशे दिसतंय की ओ, मग तुमच्या पडद्यावर का येईना?" रास्त प्रश्न आहे. डझनामागे किती वजन हवं ते ऑर्डरमध्येच ठरलेलं असतं. लेबलवर चुकीचा आकडा गेला तर पुढे निस्तरायला यांनाच लागतं.

होस्टवर बसून विचारलं तर दोन्ही सेवा नीट उत्तर देतात. कर्ल या साधनाने वजन येतं, पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल उघडतं. म्हणजे सेवा जिवंत आहेत, कंटेनरमधूनच वाट नाही.

फोनवर सल्ले आलेच : फायरवॉल बंद करून बघ, सगळं ०.०.०.० वर (यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर) ऐकायला लाव, कंटेनरला होस्ट नेटवर्क दे. यातलं काहीही केलं नाही. नकार नेमका कोण देतंय हे कळायच्या आत सेटिंग बदललं, तर अडचण सुटल्यावरही कशामुळे सुटली ते कळत नाही. तोवर वजनं रजिस्टरमध्ये हाताने लिहिणं सुरू.

३० एप्रिल, मंगळवार

अॅपच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा आणि काट्याचा पत्ता 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच यंत्र', असा होता. बनवणाऱ्यांच्या लॅपटॉपवर डॉकर डेस्कटॉप आहे, तिथे 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' हे नाव आपोआप मिळतं. लिनक्सवरच्या साध्या डॉकर इंजिनात ते नाव आपोआप येत नाही. इथे नाव सापडेना म्हणून बसवणाऱ्यांनी त्या जागी लोकलहोस्ट लिहून टाकलं होतं.

प्रत्येक कंटेनरला स्वतःचं नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा असतो. त्यात त्याचा स्वतःचा लूपबॅक (स्वतःशीच बोलायची वाट), स्वतःचा १२७.०.०.१, स्वतःचे पोर्ट. अॅपने १२७.०.०.१ ला ५४३२ मागितला की मागणी कंटेनरच्या बाहेरच पडत नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एनएसएंटर वापरून कंटेनरच्या नेमस्पेसमध्ये शिरायचं आणि तिथून एसएस (कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय त्याची यादी देणारं साधन) चालवायचं. यादीत अॅपचा ८००० आणि डॉकरचा अंतर्गत डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) एवढंच दिसलं. तिथे ५४३२ नाहीच, तर नकार येणारच.

कंपोझ फाइलमध्ये तिन्ही कंटेनरना जादा होस्टची ओळ घातली : होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल म्हणजे 'होस्ट-गेटवे'. ही सोय डॉकर २०.१० पासून आहे. कंटेनर पुन्हा उभे केले. आता ते नाव १७२.१७.०.१ ला जातं, म्हणजे होस्टवरच्या डॉकर-शून्य या ब्रिजच्या (कंटेनर जोडणाऱ्या आभासी स्विचच्या) पत्त्यावर.

तरीही रिफ्यूज्ड. शब्द तोच, पण नकार देणारा बदलला. होस्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून पाहिलं : १७२.१८.०.३ कडून, म्हणजे कंटेनरकडून, ५४३२ साठी सिन (जोडणीची मागणी) येतो आणि त्याच क्षणी होस्टकडून रिसेट (नकार) परत जातो. मागणी होस्टपर्यंत पोचते आहे. त्या पत्त्यावर त्या पोर्टला कुणी ऐकत नाही, एवढंच होस्टचा कर्नल (लिनक्सचा गाभा) सांगतोय.

ही ओळख पुढे रोज लागणार, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. रिफ्यूज्ड म्हणजे पॅकेट पोचलं आणि उलट नकार आला. बहुतेक वेळा तिथे ऐकणारा नसतो, क्वचित फायरवॉलच असा नकार बनवून पाठवते. टाइमआउट म्हणजे उत्तरच नाही. पॅकेट वाटेत गिळलं गेलं, बहुधा फायरवॉलने. 'नो रूट टू होस्ट' दिसलं तर आधी मार्ग खरंच आहे का ते बघायचं, पण फायरवॉलडी असलेल्या यंत्रांवर ते पुष्कळदा फायरवॉलचंच नकारपत्र असतं. तिन्हींवरचा इलाज वेगळा. अॅपच्या पडद्यावर मात्र तिन्हींना एकच वाक्य येतं : 'सर्व्हरशी संपर्क नाही'. अॅप बनवणाऱ्यांना सांगितलंय की मूळ त्रुटी किमान लॉगमध्ये तरी पूर्ण लिहा.

होस्टवर एसएसची यादी काढली. पोस्टग्रेस १२७.०.०.१ च्या ५४३२ वर, काट्याची सेवा १२७.०.०.१ च्या ८६०० वर. दोघांचाही कान फक्त लूपबॅककडे.

यूएफडब्ल्यूची (उबुंटूच्या फायरवॉलची) स्थिती पाहिली : बंद. आजच्या रिसेटचा अर्थ त्यामुळे सरळ लागला, फायरवॉल मध्ये नव्हतीच.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिन, कारखाना बंद. पोस्टग्रेस रीस्टार्ट करायला हाच दिवस बरा. हिशेब खात्यातही कुणी नाही.

ऐकण्याचे पत्ते वाढवायच्या आधी फायरवॉल चालू केली, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याच्याही आधी एसएसएचची (दुरून यंत्रात शिरायची) वाट मोकळी ठेवली, नाहीतर पॅकिंगमध्ये कीबोर्ड-मॉनिटर ओढत आणावा लागला असता. यूएफडब्ल्यूमध्ये बसवणाऱ्यांनी लिहून ठेवलेले जुने नियम निघाले, 'डॉकर-शून्यवरून ५४३२ आणि ८६०० ला वाट द्या' असे. तसेच राहू दिले.

मग पोस्टग्रेसच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये लिसन अॅड्रेसेसला लोकलहोस्टच्या पुढे स्वल्पविराम देऊन १७२.१७.०.१ लिहिला. या सेटिंगला रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो. रीलोड करून 'बदल लागू होईना' म्हणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. शंका असेल तर पीजी सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये 'पेंडिंग रीस्टार्ट' हा रकाना बघावा, तिथे स्पष्ट कळतं.

रीस्टार्टनंतर एसएसमध्ये १७२.१७.०.१ ची ओळ आली. कंटेनरमधून विचारलं तर आता टाइमआउट. टीसीपीडंपमध्ये सिन येतो, एका सेकंदाने पुन्हा, मग दोनने, मग चारने. उलट काहीच नाही. कालच्या नोंदीप्रमाणे हे फायरवॉलचं काम, आणि ती आपणच चालू केली आहे. प्रश्न एवढाच की डॉकर-शून्यचा नियम असूनही अडवलं का.

२ मे, गुरुवार

उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये होतं. 'यूएफडब्ल्यू ब्लॉक'ची ओळ जशीच्या तशी वाचली : येणारा इंटरफेस बीआर-ने सुरू होणारा, पुढे बारा अक्षरं. पाठवणारा १७२.१८.०.३, जायचं १७२.१७.०.१ ला, पोर्ट ५४३२.

कंपोझ प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र ब्रिज करतं. कंटेनर त्या ब्रिजवर आहेत, डॉकर-शून्यवर नाहीत. जायचा पत्ता डॉकर-शून्यचा असला तरी पॅकेट होस्टमध्ये शिरतं ते बीआरच्या बाजूने. फायरवॉलचा इंटरफेसचा नियम पॅकेट कुठून आलं ते बघतो, म्हणून तो लागलाच नाही. पत्ता एकाचा आणि येण्याची वाट दुसऱ्याची, या एका गोष्टीवर लोकांचे दिवस जातात.

त्या बारा अक्षरांवर नियम लिहिण्यात अर्थ नाही. ती नेटवर्कच्या ओळखक्रमांकातून येतात. नेटवर्क काढून परत केलं की नाव नवं, आणि सबनेटही (त्या नेटवर्कचा पत्त्यांचा पट्टा) बदलू शकतं. म्हणून कंपोझ फाइलमध्ये दोन्ही पक्कं केलं : सबनेट १७२.२८.१०.०/२४ आणि ब्रिजला ठरावीक नाव. (लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही.) यूएफडब्ल्यूचे जुने दोन नियम काढून नवे लिहिले : त्या ब्रिजवरून, त्या सबनेटकडून, १७२.१७.०.१ च्या ५४३२ आणि ८६०० लाच वाट. बाकी आत येणारं सगळं बंद.

पुन्हा विचारलं, तर नवी त्रुटी : 'नो पीजी एचबीए एंट्री', सोबत कंटेनरचा पत्ता, वापरकर्ता, डेटाबेसचं नाव. ही ओळ पाहून खरंच बरं वाटलं. आता कर्नल नाही, फायरवॉल नाही, खुद्द पोस्टग्रेस बोलतंय आणि काय हवं तेही सांगतंय. एचबीए फाइलमध्ये (पोस्टग्रेसमध्ये कुणाला प्रवेश याच्या यादीत) त्या सबनेटसाठी, त्या एका डेटाबेसला, त्या एका वापरकर्त्याला स्क्रॅम पासवर्डने प्रवेश अशी एकच ओळ घातली. इथे रीलोड पुरतो. डेटाबेस जोडला गेला.

एक बारकावा इथेच टिपतो. कंटेनरकडून होस्टच्याच पत्त्यावर येणाऱ्या पॅकेटचा पाठवणारा बदलत नाही, डॉकरचं मास्करेड (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) बाहेर जाणाऱ्यांना लागतं. म्हणून एचबीएमध्ये कंटेनरचं सबनेट लिहायचं, १७२.१७.०.१ नाही.

काटा अजून रिफ्यूज्ड.

३ मे, शुक्रवार

काट्याचा प्रोग्रॅम तयार बायनरी आहे. १२७.०.०.१ आतच बांधलेला, सेटिंगची फाइल नाही. पुरवणाऱ्यांना फोन केला. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले.

होस्टवरूनच त्याला दुसरा कान द्यायचा तर मार्ग तीन. एक, आयपीटेबल्सने (कर्नलच्या पॅकेट-नियमांनी) १७२.१७.०.१ कडे आलेलं १२७.०.०.१ कडे वळवायचं. त्यासाठी कर्नलचं रूट-लोकलनेट चालू करावं लागतं, आणि लूपबॅक बाहेरून दिसू नये हा जो मूळ बंदोबस्त आहे तोच ढिला होतो. मला पटत नाही. दोन, सोकॅट हा जोडणी पुढे पोचवणारा प्रोग्रॅम. चालतं, पण त्याला कोण उठवणार, पडलं तर कोण बघणार, हे सगळं आपल्याला लिहावं लागतं. तीन, सिस्टिमडीचा (सेवा उठवणाऱ्या व्यवस्थेचा) स्वतःचा सॉकेट प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ. यंत्रात तो आधीच आहे, लॉग जर्नलमध्ये येतो, आणि सॉकेट युनिटला 'फ्रीबाइंड' देता येतं. म्हणजे १७२.१७.०.१ हा पत्ता अजून जन्मला नसला तरी सॉकेट आधीच बांधून ठेवता येतो. यंत्र सुरू होताना हे उपयोगी पडेल असा अंदाज.

तिसरा घेतला. एका लहान सॉकेट युनिटने १७२.१७.०.१ च्या ८६०० वर ऐकायचं आणि सर्व्हिस युनिटने ते १२७.०.०.१ च्या ८६०० ला पोचवायचं. पोर्ट तोच चालतो, कारण पत्ते वेगळे आहेत आणि दोघांपैकी कुणीही ०.०.०.० वर बसलेला नाही.

दुपारी तीनच्या सुमारास अण्णांना बोलावलं. पत्र्याखाली ऊन मी म्हणत होतं, पंख्यापुढे टॉवेलच्या धाग्यांचा भुसा उडत होता. त्यांनी डझन काट्यावर ठेवलं. काट्यावरचा आकडा थोडा डुलला, ५.१८, ५.२०, आणि स्थिरावला. पडद्यावरही तसाच डुलून तसाच स्थिरावला. त्यांनी डझन उचललं, पडदा शून्यावर आला. पुन्हा ठेवलं. मग काही न बोलता रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं आणि पोरांना हाक मारली, "चला, लेबल काढा रे."

६ मे, सोमवार

पहाटे लाइट गेली. यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला, लाइट आल्यावर आपोआप उठला. सकाळी अण्णांचा फोन : "वजन येतंय, पण सेव्ह होईना." डेटाबेसला रिफ्यूज्ड. काटा ठीक.

टीसीपीडंपची गरज पडली नाही. एसएसमध्ये ५४३२ ची १२७.०.०.१ वाली ओळ आहे, १७२.१७.०.१ ची गायब. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच लिहिलंय : १७२.१७.०.१ ला बाइंड करता आलं नाही, हा पत्ता देता येत नाही.

उठताना पोस्टग्रेस डॉकरच्या आधी उठलं. डॉकर-शून्य तेव्हा अस्तित्वातच नव्हता. यादीतला एक पत्ता मिळाला नाही तर पोस्टग्रेस इशारा लिहून बाकीच्यांवर चालू राहतं. एकही मिळाला नाही तरच थांबतं. सिस्टिमडीच्या दृष्टीने सगळं हिरवं, आणि हिशेब खातं लोकलहोस्टवरून जोडतं म्हणून तिकडेही कुणाला जाणवलं नाही. काटा वाचला तो फ्रीबाइंडमुळे.

आजपुरतं पोस्टग्रेस पुन्हा सुरू करून काम चालू केलं. कायमचे उपाय तीन दिसतात : लिसन अॅड्रेसेसला सरळ तारा (*) देऊन सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावणं, कर्नलला नसलेला पत्ताही बांधू देणं, किंवा उठण्याचा क्रम ठरवून देणं. क्रम ठरवणं मला सर्वांत कमी आगाऊ वाटतं. जे चुकलं ते तेवढंच दुरुस्त होतं आणि कान उगाच मोठा होत नाही. पहिला उपाय चूक नाही, पण मग एकट्या फायरवॉलवर भार येतो.

उबुंटूत एक फसवी जागा आहे. 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाची सर्व्हिस ही नुसती छत्री, ती स्वतः काही चालवत नाही. खरा डेटाबेस '१४-मेन' जोडलेल्या युनिटमधून उठतो. 'आफ्टर डॉकर' ही ओळ त्या युनिटच्या जोडफाइलमध्ये टाकली. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं. उद्या डॉकर बिघडलं तरी पोस्टग्रेस उठेल आणि हिशेब खातं अडणार नाही. म्हणूनच 'रिक्वायर्स' मुद्दाम घातलं नाही.

७ मे, मंगळवार

सोलापूर लोकसभेचं मतदान, कारखान्याला सुटी. सकाळी मतदान करून इकडे आलो. हिशेब खात्याचा बॅकअप घेतला, कंटेनर थांबवले, आणि मग सर्व्हर नेहमीसारखा रीस्टार्ट न करता प्लग काढूनच उठवला, कारण लाइट गेल्यावर तसंच होतं. दोन्ही पोर्ट दोन्ही पत्त्यांवर हजर. कंपोझ खाली घेऊन नेटवर्क काढलं, परत वर आणलं. ब्रिजचं नाव तेच, सबनेट तेच, फायरवॉलचा नियम लागू. डॉकर सर्व्हिस एकटीच रीस्टार्ट केली, तेव्हाही ठीक.

८ मे, बुधवार

कारखान्याचे संगणक सल्लागार आले होते. जाणते आहेत आणि त्यांचा प्रश्न योग्य होता : एवढं करण्यापेक्षा कंटेनरला होस्ट नेटवर्क का दिलं नाही? तिथे लोकलहोस्ट म्हणजे होस्टचाच लोकलहोस्ट, एका ओळीत काम.

काम होतं, हे खरं. पण मग अॅपचा ८००० थेट होस्टवर येतो, लेबलचा भाग आणि रिपोर्ट एकमेकांना नावाने हाक मारू शकत नाहीत, आणि लूपबॅकवर जे जे ऐकतं ते सगळं त्या कंटेनरपुढे उघडं पडतं. आपल्याला दोन पोर्ट हवेत, तर दोनच द्यावेत. त्यांना हे पटलं. मग त्यांनीच एक चांगली गोष्ट दाखवली. १७२.१७.०.१ वर ऐकतोय म्हणजे कारखान्याच्या लॅनवरून कुणी पोचणार नाही असं आपण धरतो. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर १७२.१७.०.० कडे जायचा मार्ग या सर्व्हरमधून असल्याची एक ओळ घातली आणि ५४३२ ला टेकले. पॅकेट सर्व्हरपर्यंत आलं. लिनक्स आपला कुठलाही पत्ता कुठल्याही इंटरफेसवर आपलाच मानतो. अडवलं ते फायरवॉलच्या नियमाने, पत्त्याने नाही. त्यांच्या पडद्यावर टाइमआउट आला आणि आमच्या लॉगमध्ये ब्लॉकची ओळ. इंटरफेससकट लिहिलेला नियम कामी आला.

उलट दिशेचंही तपासलं. कंटेनरचे जे पोर्ट डॉकर बाहेर प्रसिद्ध करतं त्यांची वाट यूएफडब्ल्यूच्या आत येण्याच्या नियमांतून जातच नाही, डॉकर स्वतःचे नियम आधी लावतं. यूएफडब्ल्यूच्या यादीत 'बंद' दिसलं तरी ८००० लॅनवर उघडा असतो. पॅकिंगच्या टॅबना तो हवाच आहे, पण आता फक्त सर्व्हरच्या लॅन पत्त्यावर प्रसिद्ध केलाय.

११ मे, शनिवार

दुपारच्या पाळीत वजन थांबलं. लॉगमध्ये रिफ्यूज्ड नाही, टाइमआउट नाही. जोडणी होते आणि एकही अक्षर न येता तुटते. टेबल सरकवताना सिरियलची केबल निसटली होती आणि काट्याचा प्रोग्रॅम बंद पडला होता. पूर्वी इथे सरळ रिफ्यूज्ड आलं असतं. आता पुढे सॉकेट प्रॉक्सी बसलाय, तो मागणी आधी स्वीकारतो आणि मागे कुणी नाही कळल्यावर सोडून देतो. दुरुस्तीमुळे लक्षण बदललं, तेव्हा ३० एप्रिलच्या यादीत ही चौथी तऱ्हा धरायची.

केबलला स्क्रूचा कनेक्टर लावला. प्रोग्रॅम पडला तर पाच सेकंदांनी पुन्हा उठवण्याची ओळ युनिटमध्ये घातली. अॅपवाल्यांकडून पडद्यावरची वाक्यं वेगळी करून घेतली : जोडून लगेच तुटलं तर 'काट्याची केबल बघा', रिफ्यूज्ड किंवा टाइमआउट आला तर 'सर्व्हरवाल्यांना फोन करा'. अण्णांनी दोन्ही वाक्यं वाचून घेतली आणि विचारलं, "केबल बघूनही आलं नाही तर?" तेही पडद्यावर घालायला सांगितलंय.

बाकी : पोस्टग्रेसच्या दोन्ही पत्त्यांवर दर पाच मिनिटांनी पीजी-इझ-रेडी (डेटाबेस उत्तर देतो का ते बघणारं साधन) चालवून नोंद ठेवणं. यूपीएसची बॅटरी बदलण्याबद्दल शेठशी बोलणं.